वाळा: अंगणातला आणि कबरस्तानाच्या कडेचा

गेल्या अंकात आम्ही कुंडीतल्या पुदिन्याविषयी लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत दोन-तीन भगिनींनी एकच गोष्ट विचारली आहे: लग्नाच्या हॉलमध्ये सजावटीला ठेवतात ते पांढऱ्या तुऱ्यांचं उंच गवत अंगणात लावता येईल का? ते पम्पास. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. पात्याची कड इतकी धारदार की बोट कापतं, आणि तुऱ्यात बिया असंख्य. कॅलिफोर्निया, न्यूझीलंड, स्पेन इथे ते बागेतून निसटून रानोमाळ पसरलं आणि आता लोक ते उपटत बसले आहेत. शोभेला वर्षानुवर्षं टिकणारं गवत हवंच असेल, तर आमचं मत वाळ्याला.

वाळा म्हणजे उर्दूतली खस. वर्गात हा शब्द आला की दरवर्षी एखादा हात वर होतो, "सर, खसखस ना?" खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, जे शिरखुर्म्यात पडतं. खस म्हणजे गवताचं मूळ. दुकानातल्या हिरव्यागार सरबतामुळे मुलांना ती हिरवी वाटते. खरं मूळ असतं मातकट पिवळं, हिरवा असतो तो बाटलीतला रंग. अबुल फज्लने 'ऐन-ए-अकबरी'त बांधकामाच्या सामानात खसची नोंद केली आहे, कारण उन्हाळ्यात दारावर लावून पाणी शिंपडायचे पडदे तिचे होत. गालिबच्या रोज्यावरच्या रुबाईतला खसखाना तो हाच. कनौजला आजही या मुळांतून अत्तर काढतात.

आमचा वाळ्याशी संबंध मात्र अत्तरामुळे आला नाही.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. गावचं कबरस्तान पऱ्याच्या काठावर, उतारावर आहे. अब्बांना दफन केलं तेव्हा पऱ्याच्या कडेपासून त्यांची कबर पाचवी होती. 2021 च्या जुलैत जो पाऊस झाला, चिपळूण ज्यात बुडालं, त्या पावसात कडेचा जांभ्याचा गडगा आधी गेला आणि मागोमाग दोन जुन्या कबरींची माती. त्या कुणाच्या होत्या हे सांगणारं आज गावात कोणी नाही. अब्बा आता तिसरे आहेत.

काँक्रीटच्या भिंतीचा अंदाज काढला तो जमातीच्या आवाक्याबाहेरचा निघाला. वर्गणी सुरू झाली, ती अजून सुरूच आहे. तोवर काय, या बोलण्यात आम्ही वाळ्याचं नाव काढलं. कर्नाटकात गुंडलुपेटच्या बाजूला शेतकरी पिढ्यान् पिढ्या शेताच्या बांधावर वाळा लावत आले आहेत आणि 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या लोकांनी माती धरून ठेवायला हेच गवत देशोदेशी नेलं, हे आम्ही वाचलेलं होतं.

बैठकीत एका बुजुर्ग चाचांनी हरकत घेतली. "मास्तर, मुळं कबरीत शिरतील. मय्यतीला तकलीफ का द्यायची?" हरकत रास्त होती. पण वाळ्याचं मूळ वडा-पिंपळासारखं आडवं धावत नाही, सरळ खाली जातं. चांगल्या जमिनीत दोन-तीन मीटर. त्याला जमिनीखालून पसरणारे धावते कोंबही नसतात, आणि आपल्याकडे बांधावर लावतात त्या जातीला रुजणारं बी जवळजवळ धरत नाही. जिथे लावाल तिथेच ते उभं राहतं. शेवटी ठरलं असं: शेवटच्या कबरीपासून चार फूट सोडून ओळ धरायची आणि टोपली घेऊन कोणीही कबरींवरून चालायचं नाही. चाचा म्हणाले, "ठीक आहे, पण लक्ष मी ठेवणार." आणि ठेवलंही.

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्या चुका केल्या. एका रोपवाटिकेतून साठ ठोंब आणले. त्यातले निम्मे गवती चहाचे निघाले. तो चहा आम्ही वर्षभर प्यायलो, पण माती त्याने धरली नाही. म्हणून घेतानाच पात चुरगळून बघा. लिंबासारखा वास आला की तो गवती चहा. वाळ्याच्या पातीला वास नसतो, सगळा वास मुळात. पात ताठ, आणि ठोंबाचा बुडखा पंख्यासारखा चपटा. दुसरी चूक वेळेची: ठोंब हातात पडेपर्यंत ऑगस्ट उजाडला, मुळं धरायच्या आत पाऊस ओसरला. तिसरी चूक फणसाची. त्याच्या सावलीत लावलेला एकही ठोंब जगला नाही. वाळा पाण्यात उभा राहील, दुष्काळ काढील, पण सावलीत झुरतो.

पुढच्या जूनमध्ये नीट केलं. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधावरचं जुनं बेट खणून आणलं आणि कोयत्याने फोडलं. एका ठोंबात दोन-तीन फुटवे ठेवले, पात वीतभर ठेवून छाटली, मुळं चार बोटं ठेवली. शेणकाल्यात बुडवून पहिला चांगला पाऊस पडल्यावर लावले. दोन ठोंबांत अंतर सहा इंच. चाळीस फुटांच्या कडेला एका ओळीत ऐंशी ठोंब बसले. अंतराची कंजुषी इथे नडते, कारण पाणी मोकळी जागा शोधतं आणि तिथूनच माती घेऊन जातं. ओळ उताराला आडवी हवी, समपातळीत. वरून खाली लावलेली ओळ दिसायला छान, उपयोगाला शून्य. दुसरी ओळ पहिलीच्या खाली तीन फुटांवर घेतली.

पहिला उन्हाळा जपावा लागतो. आठवड्यातून दोनदा पाणी, तेही असरच्या नमाजनंतर मुलं कॅनने नेत. शेळ्यांना कोवळी पात आवडते, म्हणून बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. नंतर फार काही नाही. पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा विळ्याने दीड फुटावर छाटायचं. त्याने फुटवे वाढतात, बेट आतून दाट होतं. कापलेली पात तिथेच मुळाशी पसरायची. खत आम्ही पहिल्या वर्षानंतर घातलेलं नाही. मेलेल्या ठोंबांच्या जागा मात्र दुसऱ्या पावसात भरल्याच पाहिजेत. छाटणी एखाद्या वेळी टाळलीत तर पावसाच्या अखेरीस तांबूस-जांभळे तुरे येतात. पम्पासइतके ते मिरवत नाहीत, पण संध्याकाळच्या उन्हात बघावेत.

एक प्रसंग सांगायला हवा. दीड वर्षाने दोन मुलांनी ओळीतली सात-आठ बेटं मुळासकट उपटली. बाजारात मुळांना भाव असतो हे त्यांना आम्हीच वर्गात सांगितलं होतं! रागावणार कुणावर? मुळं खणली की माती सैल होते आणि केलेलं सगळं वाया जातं, हे सांगायचं आम्ही विसरलो होतो. त्या मुलांकडूनच जागा भरून घेतल्या. तेव्हा मुळं हवी असतील तर वाळा वेगळा लावा.

घरी आमचा एक जुना प्लॅस्टिकचा ड्रम आहे. तळाला भोकं, आत निम्मी वाळू, निम्मी माती आणि थोडं शेणखत. अंगणातल्या नळावर वुजू केल्याचं पाणी पन्हळीने त्यातच जातं. पंधरा ते अठरा महिन्यांनी ड्रम आडवा करून माती सोडवायची, मुळं कापून घ्यायची, ठोंब पुन्हा लावायचे. मुळं खळखळून धुवून सावलीत वाळवली की मलमलच्या पुरचुंडीत बांधून माठात सोडायची. दोन-तीन दिवसांनी काढून उन्हात सुकवली की पुन्हा चालतात. रमजान उन्हाळ्यात आला तेव्हा अम्मीने इफ्तारला फ्रिजचं पाणी बाजूला सारून हेच मागितलं आहे.

कुणी आम्हाला विचारतं, मग भिंतीची गरज उरली का? उरली. वाळा वरची पाच-सहा फूट माती धरतो. खाली पऱ्या बुडातून कोरत असेल किंवा उताराच्या माथ्याला भेग पडलेली असेल, तर गवताच्या भरवशावर बसू नये, जाणकार इंजिनियरला दाखवावं. घराच्या मागच्या दरडीबाबत तर अजिबात धोका पत्करू नका. आमच्याकडे वर्गणीची वही मिटलेली नाही.

गेल्या पावसाळ्यात पऱ्या दोनदा भरून वाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा छत्री घेऊन आमच्या आधी तिथे पोचले होते. ओळीच्या वरच्या बाजूला वाहून आलेला गाळ अडकून वीतभर थर साचला होता. खालच्या ओळीत, फणसाच्या बाजूला, सहा फुटांचं खिंडार तसंच आहे. तिथली फांदी छाटायला परवानगी मिळाली आहे; येत्या जूनमध्ये बारा ठोंब लागतील, ते ड्रममधून निघतील.