बंगल्यातला दिवस आणि आपला वाङ्मयेतिहास

मराठी वाङ्मयाच्या इतिहासावरील कोणत्याही पाठ्यपुस्तकात ‘मिशनऱ्यांची कामगिरी’ असे एक प्रकरण असते, आणि त्यात काय आहे हे सांगण्यासाठी ते उघडावेही लागत नाही. १८०५ चे केरीचे व्याकरण, श्रीरामपूरचा छापखाना, मोल्सवर्थचा कोश, १८४२ चा ‘ज्ञानोदय’, मग धर्मप्रसाराच्या हेतूबद्दल दोन ओळींची नाराजी आणि अखेरीस ‘तरीही त्यांचे ऋण मान्य करावेच लागेल’ असा तडजोडीचा समारोप. (मोल्सवर्थ मिशनरी नव्हता, कंपनीच्या फौजेतला अधिकारी होता, हे त्याच प्रकरणात त्याला बसवणाऱ्या कित्येकांच्या गावीही नसते. असो.) वर्षानुवर्षे आम्ही हेच वाचतो, हेच शिकवतो आणि उत्तरपत्रिकांतून हेच परत मिळवतो.

श्री. म. पिंगे यांनी ‘युरोपियनांचा मराठीचा अभ्यास व सेवा’ हा ग्रंथ १९६० साली सिद्ध केला, त्यामागील कष्टांविषयी आम्हाला आदरच आहे. आमची तक्रार त्यांच्यानंतर आलेल्यांबद्दल आहे. त्यांनी पिंग्यांच्या नोंदी उतरवून घेतल्या आणि शीर्षकातला ‘सेवा’ हा शब्द तपासून न पाहता पुढे चालवला. दुसऱ्या बाजूला, गेल्या काही दशकांत वसाहतवादाच्या चिकित्सेची परिभाषा हाती आल्यावर याच यादीला उलटे लावण्याची पद्धत रूढ झाली. जिथे ‘सेवा’ होती तिथे ‘सत्ता’ आली, ऋणाच्या जागी कारस्थान आले. यादी मात्र तीच राहिली. ऋणाईत आणि फिर्यादी दोघेही मिशनऱ्याच्या पुस्तकांची मुखपृष्ठेच मोजतात. ज्या घरात ती पुस्तके घडली, त्या घरात दिवसभर काय चालत असे, हा प्रश्न दोघांनाही वाङ्मयीन वाटत नाही. आमचे म्हणणे असे की, एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा विचार करणाऱ्याला याहून अधिक वाङ्मयीन प्रश्न सापडणे अवघड आहे.

उदाहरण म्हणून एक म्हातारे जोडपे घेऊ. रॉबर्ट ॲलन ह्यूम १८७४ साली अमेरिकन बोर्डाच्या मराठी मिशनचे मिशनरी म्हणून अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) आले आणि १९२६ साली, ७९ व्या वर्षी, तेथून निवृत्त होऊन गेले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८८७ मध्ये त्यांचा विवाह केटी फेअरबँक यांच्याशी झाला. केटीबाई वडाळ्याचे मिशनरी सॅम्युएल फेअरबँक यांच्या कन्या. लग्नापूर्वीच त्या मिशनच्या कामात होत्या. म्हणजे या दोघांचा नगरचा संसार जवळजवळ ४० वर्षांचा. ‘परदेशसेवा’ हा शब्द यांना लावताना जीभ जरा अडखळली पाहिजे. ह्यूम १८४७ साली मुंबईत जन्मले होते. १८५४ मध्ये वडील परतीच्या प्रवासात समुद्रावरच वारले आणि आईने मुलांना अमेरिकेत वाढवले. पण रॉबर्ट आणि त्यांचा भाऊ एडवर्ड दोघेही मोठेपणी इकडे परतले. बोर्डाच्या नावात ‘फॉरिन’ हा शब्द होता आणि बोर्डाच्या हिशेबी हे जोडपे परदेशी कामावर होते. ते परदेशात नेमके केव्हा असत, नगरला की रजेवर अमेरिकेत गेल्यावर, हे ठरवणे त्यांनाही सोपे गेले नसेल.

अशा घरातला दिवस कसा असे? मिशनच्या कामाचे वळण सर्वत्र पुष्कळसे सारखे होते. सकाळी घरची उपासना, तीत नोकरचाकर आणि आवारातली माणसे सामील. मग साहेबांकडे शास्त्रीबुवा किंवा लेखनिक, मुद्रिते, विद्यार्थ्यांचे पाठ. मडमसाहेबांकडे मुलींची शाळा, बायबल-बायांच्या फेऱ्यांचा अहवाल, औषधाची पेटी, कोठीचा आणि शिवणवर्गाचा हिशेब. व्हरांड्यात खेड्यांहून आलेली माणसे तासन्‌तास बसलेली. कुणाला चिठ्ठी हवी, कुणाचा जमिनीचा तंटा, कुणाचे मूल तापाने फणफणलेले, कुणाला शाळेत मास्तरकी पाहिजे. पावसाळा सरला की तंबू घेऊन दौरा, उन्हाळ्यात जमल्यास महाबळेश्वर. आठवड्यातून एकदा विलायती टपाल; त्या आधीच्या रात्री दिव्याखाली बसून मुलांना, बोर्डाला आणि देणगीदारांना पत्रे. दुष्काळ पडला की हे सारे वेळापत्रक कोलमडून घर म्हणजे धान्यवाटपाची कचेरी होई. १८९९-१९०० च्या दुष्काळातील कामासाठी ह्यूम यांना सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. पदकाची नोंद चरित्रकोशात सापडते. त्या वर्षी धान्याच्या आणि पोरक्या मुलांच्या याद्या कोणाच्या हस्ताक्षरात होत्या, हे मात्र कोशकारांना विचारावेसेही वाटत नाही.

या दिवसाचा भाषेशी संबंध काय, असे विचारले जाईल. तोच तर आमचा मुद्दा आहे. ‘मिशनरी मराठी’ म्हटले की आमच्या वर्गांत एक सौम्य हसू पसरते. परक्यांची अवघडलेली, बायबली वळणाची, कृत्रिम मराठी, असा शेरा मारून आम्ही पुढे जातो. पण ही कृत्रिमता आली कुठून? नगर जिल्ह्यात मिशनकडे वळलेला समाज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यतः महार आणि मांग समाजांतला होता. बंगल्याच्या व्हरांड्यात, शाळेत, तंबूच्या दाराशी दिवसभर ऐकू येणारी मराठी खेड्यापाड्यांतली होती. सकाळी दोन तास शास्त्रीबुवा शिकवीत ती मराठी दुसरी. ज्या मिशनऱ्याने ३०-४० वर्षे काढली त्याच्या कानात या दोन्ही मराठी नांदत असल्याच पाहिजेत. छापखान्यात मात्र बहुतांशी शास्त्रीबुवांची मराठी गेली. मिशनऱ्यांच्या पुस्तकांतली जी भाषा आम्हाला परकी वाटते तिच्यात इंग्रजीचा दोष किती आणि पंडितांच्या शुद्धीकरणाचा किती, याची मोजदाद कोणी केली आहे? व्हरांड्यातली मराठी कागदावर येऊ शकली नाही, हा आमच्या गद्याच्या इतिहासातला मोठा तोटा आहे, आणि त्याची जबाबदारी एकट्या साहेबावर ढकलता येणार नाही. गीतांचेही तेच. हेन्री बॅलंटाइन यांच्या पिढीने पाश्चात्त्य चालींवर मराठी गीते बसवली, पुढे ना. वा. टिळकांनी ओवी-अभंगाच्या वाटेने उपासनेला तिचा देशी आवाज दिला. हा बदल आम्ही ‘काव्यप्रकारांचा विकास’ या शीर्षकाखाली शिकवतो. रोज सकाळी ती गीते ज्यांना म्हणावी लागत, त्यांच्या गळ्याला काय रुचत होते आणि काय टोचत होते, हा त्या बदलामागचा खरा प्रश्न आमच्या टिपणांत येत नाही.

आता मडमसाहेबांकडे वळू. अमेरिकन बोर्डाच्या जुन्या याद्यांत मिशनऱ्यांच्या पत्नींची नोंद ‘साहाय्यक मिशनरी’ अशी होत असे. निदान नोंद तरी होती! आमच्या वाङ्मयेतिहासांनी तेवढीही तसदी घेतलेली नाही. मार्गारेट विल्सन १८२९ मध्ये पतीबरोबर मुंबईत आल्या, लवकरच त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि १८३५ मध्ये त्या वारल्या. जॉन विल्सन यांनी १८३८ साली त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले, त्यात त्यांची पत्रे आणि दैनंदिनीतले उतारे आहेत. जॉन विल्सन आमच्या सर्व सूचींत आहेत, मार्गारेट बहुधा कंसात. पुण्याचे निकोल मॅक्निकोल मराठी संतांच्या भजनांच्या १९१९ च्या इंग्रजी अनुवादामुळे आणि १९२६ च्या रमाबाई-चरित्रामुळे परिचित आहेत. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी १९२३ साली भारतीय स्त्रियांच्या कवितांचा इंग्रजी संग्रह संपादित केला, ही गोष्ट स्त्रीसाहित्यावर प्रबंध लिहिणाऱ्यांकडूनही आम्ही क्वचितच ऐकली आहे. संसार एक, टेबल कदाचित एकच. पण इतिहासात जागा एकालाच.

आणि मुले? मिशनरी जोडपे वयाने चाळिशीत असतानाच घरात म्हातारे होत असे, कारण मुलांना शिक्षणासाठी लहानपणीच मायदेशी धाडण्याची चाल होती. नाशिकच्या चर्च मिशनचे सी. पी. फरार यांचा मुलगा फ्रेडरिक १८३१ मध्ये मुंबईत जन्मला आणि तीन वर्षांचा असताना इंग्लंडला आत्या-मावश्यांकडे रवाना झाला. त्याने मोठेपणी, १८५८ साली, लिहिलेली ‘एरिक’ ही कादंबरी इंग्रजी शाळकरी कादंबरीच्या इतिहासात अग्रभागी आहे; तिचा नायक आईबाप हिंदुस्थानात असलेला, परक्या छपराखाली वाढून वाहवत गेलेला पोर आहे. ही कादंबरी इंग्रजीचे विद्यार्थी शाळकरी साहित्य म्हणून वाचतात आणि मराठीचे विद्यार्थी वाचत नाहीत. नाशिकच्या एका रिकाम्या झालेल्या घराची ती दुसरी बाजू आहे, हे दोघांनाही कोणी सांगत नाही.

आमच्यावर पहिला आक्षेप येईल तो माहीत आहे: हा चहाच्या कपांचा आणि औषधाच्या पेट्यांचा तपशील म्हणजे चरित्रात्मक गप्पा, त्यात समीक्षा कुठे? हा आक्षेप घेणारे ‘स्मृतिचित्रे’ मात्र डोक्यावर घेतात. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले लक्ष्मीबाई टिळकांचे ते पुस्तक चुलीचा, सोवळ्याचा, उसनवारीचा आणि घरात आणलेल्या पोरांचा तपशील नसता तर उरले काय असते? मिशनऱ्यांच्या घरांचे मराठीतले सर्वांत जिवंत चित्रणही तिथेच आहे, पण आम्ही ते पुस्तक नवराबायकोच्या गमतीदार भांडणांसाठी वाचतो आणि त्यातले साहेब-मडम पार्श्वभूमीचे पडदे समजून ओलांडतो. लक्ष्मीबाई बंगल्याकडे आश्रिताच्या नजरेने पाहत नाहीत आणि फिर्यादीच्याही नाही. त्या घरे चालवणाऱ्या बाईच्या नजरेने पाहतात, आणि ती नजर आमच्या समीक्षेला अद्याप साधलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मिशनऱ्यांना असे घरगुती, थकलेले, मुलांच्या पत्रांची वाट पाहणारे करून दाखवणे म्हणजे सत्तेवर मायेची शाल पांघरणे नव्हे काय? आम्हाला उलट वाटते. सत्ता प्रबंधांतल्या परिभाषेत जितकी दिसते त्याहून स्वच्छ ती घराच्या मांडणीत दिसते. बंगल्यात कोण खुर्चीवर बसे आणि कोण जमिनीवर? मिशनऱ्याचे वेतन आणि देशी पाळकाचे वेतन यांत केवढी दरी होती आणि ती किती वर्षे टिकली? आवारातल्या विहिरीवर जात किती उरली होती? टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, मिशनमध्ये २० हून अधिक वर्षे राबले आणि १९१७ साली मिशनच्या चाकरीतून बाहेर पडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्या निर्णयाची कारणे तत्त्वज्ञानात शोधावीत तशी रोजच्या वागणुकीतही शोधावीत. ज्यांना साहेबाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे आहे, त्यांनाही साक्षीपुरावा घरातूनच आणावा लागेल. मुखपृष्ठांवर तो मिळणार नाही.

आणि घरातून जे मिळते ते नेहमी आरोपपत्राला सोयीचे असतेच असे नाही. १८८६ मध्ये रजेवर असताना ह्यूम यांनी अँडोव्हर येथील भाषणात, ज्यांनी ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही त्यांना मृत्यूनंतर संधी मिळत असेल, या विचाराला पाठिंबा दिला. बोर्डात वादळ उठले. त्यांना हिंदुस्थानात परत पाठवावे की नाही यावर खल झाला. अँडोव्हरच्या पंडितांना हा विचार ग्रंथांतून सुचला असेल. पण धर्मांतराच्या उंबरठ्यावर उभी असलेली माणसे मिशनऱ्यांना ठिकठिकाणी ‘मग आमच्या मेलेल्या वाडवडिलांचे काय?’ असे विचारीत असत, आणि १२ वर्षे व्हरांड्यात बसलेल्या माणसाला त्याचे उत्तर देताना बॉस्टनच्या कमिटीची भीती कमी वाटली असेल, असा आमचा तर्क आहे. तर्कच आहे, पण तो करण्यासाठी तरी व्हरांड्यात जाऊन बसावे लागते.

साधने नाहीत, ही सबब चालणार नाही. बोर्डाचे दप्तर हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. ‘मिशनरी हेरल्ड’चे जुने खंड आज घरबसल्या वाचता येतात. ती छापील पत्रे देणगीदारांसाठी निवडलेली आणि कातरलेली असतात, हे ध्यानात ठेवून ती वाचावी लागतील; पण बखरी तरी आम्ही कोणत्या वेगळ्या सावधगिरीने वाचतो? खरी अडचण आमच्या विभागांच्या भिंतींची आहे. इंग्रजी पत्रे इंग्रजीवाल्यांची, ‘ज्ञानोदय’ मराठीवाल्यांचा, बायकांचे हिशेब समाजशास्त्रवाल्यांचे आणि देवाधर्माचे ते सेमिनरीतल्यांचे, अशी वाटणी आम्ही करून घेतली आहे. एकाच टेबलावर एकाच आठवड्यात लिहिलेले कागद चार खोल्यांत ठेवून आम्ही त्यांतल्या एका खोलीला वाङ्मयाचा इतिहास म्हणतो. पुढच्या वर्षी एम. ए.च्या कोणा विद्यार्थ्याने ‘मिशनऱ्यांची मराठीसेवा’ हा विषय घेऊन दार ठोठावले, तर मार्गदर्शकाने त्याला आधी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचायला लावावे, मग ‘ज्ञानोदय’च्या कोणत्याही एका वर्षाची फाइल आणि त्याच वर्षाचा ‘हेरल्ड’ शेजारी शेजारी ठेवायला सांगावे, आणि त्या वर्षी नगरच्या बंगल्यात मराठी कोण कोण बोलत होते, याची यादी मागावी.