नाल्याचा खर्च कोणाच्या खात्यावर?



पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या वस्त्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो : "यंदा नाला साफ झाला का?" वरच्या गावाची नगरपालिका म्हणते, आमच्या हद्दीतला केला, पुढचा आमचा नाही. खालची महापालिका म्हणते, सगळा गाळ वरून येतो, आम्ही किती उपसणार? आणि जुलैत एका रात्री बायाबापड्या पोरांना कडेवर घेऊन शाळेच्या इमारतीत बसलेल्या असतात. दोन्ही कार्यालयांचे म्हणणे कागदावर खरेच असते. म्हणूनच या प्रश्नाकडे हिशेबाच्या बाजूने पाहिले पाहिजे.

वालधुनी नदीचेच उदाहरण घ्या. आता तिला नदी म्हणायला लोक कचरतात, नालाच म्हणतात. अंबरनाथजवळच्या डोंगरात ती उगम पावते, प्राचीन शिवमंदिराजवळून वाहते, मग उल्हासनगरातून कल्याणला येऊन उल्हास नदीच्या खाडीला मिळते. पाणी एकच, पण कारभार तिघांचा : अंबरनाथ नगरपरिषद, उल्हासनगर महापालिका आणि कल्याण-डोंबिवली महापालिका. त्यात एमआयडीसी आणि रेल्वेही आहेत. 26 जुलै 2005 च्या पुराने काठच्या वस्त्यांची काय दशा केली, हे तिथल्या कुटुंबांना सांगायला नको. तिच्या घाणीचा प्रश्न तर हरित लवादापर्यंत गेला. 2015 साली लवादाने उल्हास आणि वालधुनी बिघडवणाऱ्या संस्थांवर मिळून 95 कोटी रुपये बसवले आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. आपसात बसून वाटा ठरवायचे काम न केल्यावर ते कोर्टाला करावे लागते, आणि मधली वर्षे वकिलांच्या फीमध्ये जातात.

आता वाटा ठरवायचा कसा? समजा, एका नाल्याच्या कामाला 100 रुपये लागणार आहेत. खालच्या गावात पूर येतो, म्हणून सगळे 100 त्यानेच द्यावेत, असे वरचा म्हणेल. वरच्याने शेते बुजवून इमारती बांधल्या, फरशी-काँक्रीट केले, त्यामुळे जमिनीत मुरणारे पाणी आता तासाभरात खाली येते. तेव्हा पैसे वरच्यानेच द्यावेत, असे खालचा म्हणेल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आणि दोघेही शंभरातला एक रुपया काढत नाहीत.

या पेचातून वाट काढल्याचे एक उदाहरण अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या परिसरात आहे. जून 1965 मध्ये साऊथ प्लॅट नदीला मोठा पूर आला, 21 माणसे दगावली. तिथेही आपल्यासारखेच एकाला लागून एक असे पुष्कळ स्थानिक कारभार. 1969 साली कोलोराडो राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून त्या सगळ्यांवर मिळून पाणी-निचरा आणि पूर-नियंत्रणासाठी एक संस्था नेमली. 2019 पासून तिचे नाव माईल हाय फ्लड डिस्ट्रिक्ट असे आहे. तिच्या मंडळावर बहुतेक त्या त्या शहरांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसतात, सोबत इंजिनिअरही असतात. पैसा येतो तो सगळ्या परिसरातल्या मालमत्ता करातल्या लहानशा हिश्श्यातून, म्हणजे वरच्यानेही भरायचे आणि खालच्यानेही. आणि नियम असा केला की, आधी त्या ओढ्याचा उगमापासून मुखापर्यंत एकच आराखडा सर्वांनी मिळून करायचा. मग कामाचा खर्च जास्तीत जास्त निम्मा या सामाईक निधीतून, बाकीचा ज्याच्या हद्दीत काम त्याने घालायचा. स्वतःचा निम्मा पैसा असल्यामुळे गाव कामावर लक्ष ठेवते, आणि उरलेला निम्मा हवा असेल तर शेजाऱ्याबरोबर आराखड्याला बसावेच लागते. मला यातली ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते.

कोणी म्हणेल, अमेरिकेचे आपल्याला काय सांगता? तर मग आपल्या घरचेच सांगतो. जुलै 1943 मध्ये दामोदर नदीच्या पुराने बंगालमध्ये हाहाकार उडाला. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री बाबासाहेब होते, आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. 3 जानेवारी 1945 रोजी कलकत्त्यास त्यांनी बंगाल आणि बिहार सरकारांना एका बैठकीत समोरासमोर बसवले. त्यातून पुढे 1948 साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. त्यात पूर-नियंत्रणाच्या खर्चाचा वाटा आकड्यात लिहिलेला आहे : 14 कोटींपर्यंतचा खर्च केंद्र आणि पश्चिम बंगाल यांनी निम्मा-निम्मा, त्यावरचा सगळा पश्चिम बंगालने. कारण पुरापासून वाचणार होता बंगाल.

मात्र हे सूत्र वालधुनीला जसेच्या तसे लावता येणार नाही, असे माझे मत आहे. दामोदरचा पूर डोंगरातल्या पावसाचा होता. वालधुनीच्या पाण्यात वरच्या गावांची बांधकामे आणि कारखान्यांची घाण आहे. ज्याने पाणी वाढवले त्याला सोडून ज्याचे घर बुडते त्याच्याकडूनच वसुली करणे न्यायाचे होणार नाही.

संविधानात यासाठी जागा आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम 243-झेडई प्रमाणे महानगर नियोजन समिती असावी, तिचे किमान दोन-तृतीयांश सभासद नगरपालिका-पंचायतींच्या लोकप्रतिनिधींतून निवडलेले असावेत, आणि तिने अनेक गावांच्या सामाईक प्रश्नांचा विचार करून आराखडा करावा. महाराष्ट्राने 1999 साली तसा कायदाही केला. आपले किती नगरसेवक या समितीचे नाव घेतात?

यात आपला सगळ्यात मोठा संबंध पूररेषेचा आहे. नकाशावर निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. एका गावाने रेषा पाळली आणि वरच्याने भराव टाकून टॉवर उभा केला, तर त्या भरावाने अडलेले पाणी दुसऱ्याच्या घरात जाते. कारवाईची नोटीस मात्र पहिल्यांदा काठच्या झोपडीला येते. तिला हलवायचेच असेल तर तिच्या पुनर्वसनाचा खर्चही त्या 100 रुपयांत धरला पाहिजे. रुंदीकरणाचे टेंडर निघते तेव्हा सिमेंट, लोखंड, पोकलेन सगळे त्यात असते. माणसांसाठी वेगळी फाईल होते, आणि ती मागे राहते.

तेव्हा पुढच्या रविवारी विहारात जमाल तेव्हा एक काम करा. माहितीच्या अधिकाराचे तीन अर्ज लिहा, तिन्ही कार्यालयांना एकेक, मजकूर एकच : मागील तीन वर्षांत या नाल्याच्या सफाईवर किती खर्च झाला, आणि कुठपासून कुठपर्यंत? अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तोही नाही. विषय एकच ठेवा आणि मजकूर 150 शब्दांच्या आत, नाहीतर परत येईल. उत्तरे आली की तिन्ही एका कागदावर शेजारी शेजारी मांडा आणि नकाशाशी ताडून पाहा. कोणत्या पुलापासून कोणत्या पुलापर्यंतचा तुकडा कोणाच्याच उत्तरात नाही, ते लाल पेनने लिहा, आणि तो कागद घेऊन तिन्ही ठिकाणच्या नगरसेवकांना एकाच दिवशी भेटा.