बॉल उचलणाऱ्या पोरींनाही बॅट द्या

धान निघालं की प्रतापगडला आमचा सॉफ्टबॉलचा सराव रिकाम्या बांधीत सुरू होतो. वीसेक पोरी, बॅटी दोन. चार-पाच जणी जिल्हा स्पर्धा खेळलेल्या, बाकीच्यांनी बॅट पहिल्यांदाच धरलेली. मी मात्र सगळ्यांना एकच सांगायचो, "कोपर वर, जोरात मार!" चूक माझीच होती.

फटक्याची ताकद नुसत्या हातात नसते. आधी वजन मागच्या पायावर, मग कंबर फिरते, हात शेवटी येतात. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर ४३ फुटांवर असते. नवख्या पोरीला थेट तिच्यासमोर उभं केलं तर ती डोळेच मिटणार. तिला आधी टीवर ठेवलेला बॉल मारू द्या. बांबूच्या खुंटीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला की झाली टी, खर्च जवळपास शून्य. मग बाजूने हळू टाकलेला बॉल, मग पिचर. जिला हे येतं तिला बाहेरचा बॉल उजव्या मैदानात मारायला शिकवा.

आता खरा मुद्दा. दहावी-बारावीला खेळाचे ग्रेस गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यामुळे स्पर्धा जवळ आली की मेहनत तयार नऊ जणींवरच होते, बाकीच्या बॉल उचलतात. म्हणजे सवलतीची वाट सरावातच बंद!

मास्तरांनो, अर्धा वेळ नवख्यांना द्या. पुढच्या वर्षीचा संघ त्यांच्यातूनच उभा राहणार आहे.