‘इन्फमस’ या विशेषणाचा अधिकार

इंग्रजी भाषेत नैतिक निषेध व्यक्त करणारी विशेषणे विपुल आहेत. परंतु त्यांपैकी ज्याचा उपयोग आपण अमेरिकास्थ मराठी मंडळी सर्वांत बेफिकिरीने करतो, ते ‘इन्फमस’ हे होय. ‘फेमस’चेच हे अधिक चटकदार रूप असावे अशा समजुतीने आपली मुले कोणाच्या हातच्या झणझणीत रश्श्याला किंवा कोणाच्या विसरभोळेपणाला ते लावतात, आणि आपणही त्याचे कौतुक करतो. या प्रघाताला माझी हरकत आहे, आणि ती शब्दकोशाच्या सोवळेपणातून आलेली नाही. ज्या शब्दाच्या एका शिक्क्याने माणसाचे मुलकी हक्क हिरावले जात, तो शब्द स्वस्त झाला म्हणजे त्यामागचा निवाडा कोणी दिला व कशावरून दिला हे विचारण्याची सवयही सुटत जाते, अशी माझी भीती आहे.

रोमन कायद्यात ‘इन्फामिया’ हा नुसता लोकापवाद नव्हता. तो कायद्याने ठरणारा दर्जा होता. अज्ञान मुलाची मालमत्ता सांभाळणारा पालक, व्यापारातील भागीदार, दुसऱ्याची ठेव जवळ बाळगणारा गृहस्थ, अशा भरवशाच्या नात्यांत ज्याची लबाडी शाबीत होई, त्याच्या नावाला चोराप्रमाणेच हा डाग लागे आणि अदालतीत दुसऱ्याच्या वतीने उभे राहण्याची मुखत्यारी त्याला सहसा मिळत नसे. इतके न्याय्य म्हणता येईल. पण त्याच डागाखाली ग्लॅडिएटर आणि रंगमंचावरील नटही येत, आणि तेही कोणत्याही अपराधावाचून, केवळ पेशामुळे! कृत्याचा धिक्कार आणि माणसांच्या एका वर्गाविषयीची तुच्छता ही दोन्ही या शब्दात प्रथमपासूनच मिसळलेली आहेत.

अमेरिकेच्या राज्यघटनेतही हा शब्द आला. 1791 च्या पाचव्या दुरुस्तीनुसार देहान्त शिक्षेच्या वा अन्य ‘इन्फमस’ गुन्ह्याचा खटला ग्रँड ज्युरीच्या आरोपपत्रावाचून चालविता येत नाही, आणि 1885 साली, विल्सन नामक कैद्याच्या अर्जावर, सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, गुन्हा या सदरात मोडतो की नाही हे त्याबद्दल होऊ शकणाऱ्या शिक्षेवरून पाहावे. सक्तमजुरीची पंधरा वर्षांची शिक्षा झालेला तो मनुष्य त्यामुळे मुक्त झाला. म्हणजे घटनेने या विशेषणाचा उपयोग आरोपीला झोडपण्यासाठी केला नाही. आरोप जितका कलंककारक, तितकी चौकशी अधिक काटेकोर, असाच त्याचा अर्थ होतो. मला हा विचार फार थोर वाटतो.

8 डिसेंबर 1941 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पर्ल हार्बरवरील हल्ल्याचा दिवस अपकीर्तीने स्मरला जाईल असे सांगितले; भाषणाच्या मसुद्यात तेथे जगाच्या इतिहासाचा उल्लेख होता, तो स्वहस्ते बदलून त्यांनी ‘इन्फमस’चेच नाम, ‘इन्फमी’, तेथे घातले. निषेध त्या कृत्याचा होता, आणि तो यथार्थ होता. परंतु 19 फेब्रुवारी 1942 रोजी त्यांच्याच सहीने निघालेल्या 9066 क्रमांकाच्या हुकुमान्वये पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे 1,20,000 जपानी वंशाची माणसे, ज्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेचीच नागरिक होती, खटला नाही, कैफियत नाही, अशा स्थितीत छावण्यांत कोंडली गेली. एका शब्दाने हे घडविले असे मी म्हणत नाही. तथापि जपानी साम्राज्याच्या कृत्याचा कलंक कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या कपाळी आला, तो रोमन नटाच्या कपाळी आला त्याच वाटेने. परदेशातून येऊन येथे घरे बांधलेल्या आपल्यासारख्यांनी तरी ही वाट ओळखली पाहिजे.

म्हणून हे विशेषण कृत्याला लावावे, जमातीला कधीच लावू नये, आणि तेही रीतसर चौकशी झाल्यावर. 9066 क्रमांकाच्या हुकुमाची तशी चौकशी काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने केली. 1988 च्या कायद्याने राष्ट्राने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला 20,000 डॉलर भरपाई देण्याचे ठरविले. त्या हुकुमाला मी ‘इन्फमस’ म्हणतो.