ज्याच्यासाठी कोणी फोन करत नाही

पोलीस ठाण्यात शिरणाऱ्याला टेबलापलीकडून आधी जोखलं जातं, याच्यामागे कोण आहे? मागे कोणी असलं तर खुर्ची मिळते. नसलं तर ‘अर्ज देऊन जा’. मारहाण गंभीर असली तरी एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर, भागवलं जातं. मोबाईल चोरीला गेलेल्या मजुराला सांगतात, हरवला असं लिहा.

कायद्यात याला जागा नाही. संविधानाचं कलम 14 सगळ्यांना एका रांगेत उभं करतं. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 2013 साली बजावलं, की माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 म्हणतं, हद्द कुठलीही असो, माहिती घ्या आणि तक्रारदाराला प्रत फुकट द्या. एवढं असूनही ठाण्यात चालतो तो फोन. आणि तो लावणारे आपणच असतो. भाच्याने दारू पिऊन गाडी कोणाच्या अंगावर घातली, की आमदाराच्या पीएचा नंबर शोधला जातो. रस्त्यावर पडलेल्याच्या घरात तसा नंबर नसतो.

म्हणून आम्ही एकत्र आलो आहोत. आमच्यापैकी कोणीही कोणाला सोडवण्यासाठी असा फोन करणार नाही. आमचा मुलगा आरोपी असेल तर त्याला वकील देऊ, जामीन मागू. तो त्याचा हक्कच आहे. पण तो सुटून आला म्हणून हार घालणार नाही, मिरवणूक काढणार नाही. आपल्या जातीचा, आपल्या पक्षाचा म्हणून एका शब्दानेही पाठीशी घालणार नाही. सगळ्यात जड अट हीच आहे, आणि ती मान्य नसणाऱ्याला इथे सभासद होता येणार नाही.

ज्याच्यासाठी फोन करणारं कोणी नाही, त्याच्याबरोबर आम्ही ठाण्यात जाऊ. एफआयआरची प्रत हातात पडेपर्यंत बसू. नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवू, तरीही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू.

खाकीतल्या माणसालाही हाच न्याय. कोठडीत हात उचलला गेला तर सीसीटीव्हीचं चित्रण मागू. ठाण्याठाण्यात कॅमेरे बसवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 2020 चा आहे. सरकारी नोकरावर खटला भरायला जिथे सरकारची परवानगी लागते, तिथे नव्या संहितेने 120 दिवसांची मुदत घातली आहे. ते दिवस आम्ही मोजू. मात्र बड्या माणसावर गुन्हा नोंदवला म्हणून एखाद्या निरीक्षकाची बदली झाली, तर त्याच्यासाठीही रस्त्यावर उतरू. ठाण्याच्या प्रमुखाला किमान दोन वर्षांची मुदत द्या, हे प्रकाश सिंह निकालात 2006 सालीच सांगितलेलं आहे.

वर्गणी नाही. सभासद म्हणून सही करणाऱ्याने त्याच दिवशी घरी सांगायचं: उद्या मला पकडून नेलं, तर वकिलाला फोन करा, आमदाराला नको.