एक निःशस्त्र नायक

हेरांच्या बोलपटाचें नांव निघालें कीं पालकांच्या कपाळाला आठी पडते आणि मुलांचे डोळे चमकूं लागतात. दोघांच्याही मनांत पिस्तुलेंच असतात. आल्फ्रेड हिचकॉक ह्यांनीं १९५९ सालीं काढलेला ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ हा अमेरिकन बोलपट ह्याच जातीचा. परंतु त्याचा नायक बहुतेक सर्व वेळ निःशस्त्र आहे, आणि तो हेरही नाहीं. पालकांनीं मुलांस शेजारीं बसवून तो अवश्य पाहावा, असें आमचें मत आहे.

रॉजर थॉर्नहिल हा न्यूयॉर्कमधील जाहिरातींचा धंदा करणारा गृहस्थ. देशाचीं गुपितें बाहेर नेणारी एक टोळी त्याला जॉर्ज कॅप्लन समजून पळविते. गंमत अशी कीं, कॅप्लन नांवाचा मनुष्य मुळीं अस्तित्वांतच नाहीं! शत्रूला चकविण्यासाठीं सरकारी हेरखात्यानें त्याच्या नांवें हॉटेलांत खोल्या घेतल्या, तेथें कपडे ठेविले, आणि पोकळ हवेंतून एक माणूस उभा केला. ही अर्नेस्ट लेहमन ह्यांची कथा.

आतां शेतांतील प्रसंग पाहा. थॉर्नहिलची भूमिका करणारा केरी ग्रँट एका ओसाड रस्त्यावर एकटाच उभा आहे. कथेंत हें स्थळ इंडियाना प्रांतांतील. चित्रण झालें कॅलिफोर्नियांत. काळोखी रात्र, अरुंद गल्ली, दबकीं पावलें, हें भीतीचें ठराविक साहित्य येथें कांहींच नाहीं. आहे तें लख्ख ऊन आणि क्षितिजापर्यंत सपाट जमीन. दूर पिकांवर औषध फवारणारें विमान घिरट्या घालीत असतें. शेजारीं उभा असलेला एक उतारू सहज म्हणतो कीं, जेथें पीक नाहीं तेथें तें फवारीत आहे. तो बसमध्यें चढून निघून जातो, आणि विमान वळतें. बर्नार्ड हर्मन ह्यांच्यासारखा संगीतकार हाताशीं असूनही येथें वाद्य वाजत नाहीं. विमान तेलाच्या टँकरवर आदळल्यानंतरच संगीत सुरू होतें. १९६३ सालच्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ ह्या जेम्स बाँडच्या बोलपटांत हेलिकॉप्टर नायकाचा पाठलाग करतें, तें पाहतांना ह्या शेताची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

संयुक्त राष्ट्रसंघानें आपल्या आवारांत चित्रणास परवानगी नाकारली, तेव्हां एका गाडींत कॅमेरा लपवून ग्रँट आंत शिरतांनाचें चित्र घेण्यांत आलें. युक्ति नामी खरी. आम्हांस ती प्रशस्त वाटत नाहीं. रशमोर पर्वतावर कोरलेल्या चार राष्ट्राध्यक्षांच्या मुखांवरील झटापट तर स्टुडिओंत प्रतिकृति उभारून चित्रित केली. तेथील उपाहारगृहाच्या प्रसंगांत गोळी सुटण्यापूर्वींच मागें बसलेला एक मुलगा कानांत बोटें घालतो! प्रश्न विचारण्यापूर्वींच मान खालीं घालणारे विद्यार्थी आम्ही रोज पाहतों. तो त्यांचाच भाऊबंद.

परंतु आमच्या मतें सर्वांत भयंकर प्रसंग ह्याहून निराळा आहे. वॉशिंग्टनमध्यें कांहीं अधिकारी टेबलाभोंवतीं बसले आहेत. थॉर्नहिलवर खुनाचा आळ आल्याचें वृत्त त्यांच्यापुढें आहे. तो निरपराध आहे, आणि आपल्याच बनावट कॅप्लनपायीं तो मरणाच्या दारीं उभा आहे, हें त्यांस पुरतें ठाऊक आहे. कांहींच करावयाचें नाहीं, असें त्यांचा प्रमुख प्रोफेसर ठरवितो. थॉर्नहिलला वांचवावें तर शत्रूच्या गोटांत असलेला त्यांचा खरा हेर उघडा पडून प्राणांस मुकेल. युक्तिवाद पोकळ नाहीं. म्हणूनच तो अंगावर कांटा आणतो. एकाच्या जिवासाठीं दुसऱ्याचा जीव, त्याला न विचारतां, पणास लावण्याचा अधिकार ह्या सभ्य गृहस्थांस कोणीं दिला? बाँडच्या पटांत हा प्रश्न बहुधा उठत नाहीं. तेथें नायक सरकारचाच पगारी माणूस असतो. येथें संकटांत सांपडतो तो तुमच्याआमच्यासारखा, कामावर निघालेला मनुष्य.

दिग्दर्शकाविषयीं आमची तक्रार आहे ती येथेंच. पुढें ईव्ह ह्या तरुणीला शत्रूबरोबर धाडण्याचें ठरतें, तेव्हां थॉर्नहिल प्रोफेसराशीं तिच्यासाठीं भांडतो, हें उत्तम झालें. परंतु मग पाठलाग, कडा, गोळी, आणि आगगाडींतील गोड शेवट! रशमोरवर तोच प्रोफेसर ऐन वेळीं माणसें घेऊन हजर होतो, प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि वॉशिंग्टनच्या त्या बैठकीचा हिशेब कोणीच मागत नाहीं.