लकडी पुलापलीकडची श्रीमंती

पुण्यातील प्रतिष्ठित वस्ती कोणती, असे विचारले असता बोट आजही लकडी पुलापलीकडे, डेक्कन जिमखान्याकडे, आणि तेथून प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता व विधी महाविद्यालय रस्त्याकडे वळते. नव्या धनिकांनी कोरेगाव पार्क जवळ केले, तरी या टापूचा मान ढळलेला नाही. हा मान पैशाने आलेला नव्हता, याचा मात्र तेथील रहिवाशांना विसर पडत चालला आहे.

फर्ग्युसन महाविद्यालय गावाबाहेरच्या माळावर आले, १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले, १९२४ मध्ये विधी महाविद्यालय आणि १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. १९३३ साली कोल्हापूरहून 'प्रभात' आली. या संस्थांच्या आश्रयाने प्राध्यापक, वकील, निवृत्त अंमलदार यांनी बंगले बांधले. बंगल्यामागे एखादी खोली असे व तीत बहुधा एखादा विद्यार्थी राहत असे. कडेगाव, आटपाडीसारख्या अवर्षणग्रस्त मुलखातून ट्रंक घेऊन आलेल्या मुलाला ती खोली परवडत असे. कडेगावजवळच्या सोनसळचे पतंगराव कदम यांनी १९६४ साली पुण्यातच भारती विद्यापीठ स्थापन केले. खेड्यातून येणाऱ्या तरुणांना हे शहर काय देऊ शकत होते, याचा हा ठळक दाखला. काही वर्षे शिक्षकी केलेल्या आम्हांस त्या मागच्या खोलीचे मोल अधिक वाटते, हे वाचकांनी समजून घ्यावे.

आज बंगला जातो व त्या जागी इमारत उठते. वारसांना दोष देणे सोपे आहे. परंतु चार भावंडांत एक बंगला वाटावयाचा कसा? इमारत उभी राहिली की मागची खोली नाहीशी होते, तिच्या जागी मोटारी येतात. विद्यार्थी पेठांतून 'कॉट बेसिस'वर राहतो. जेथे एका कुटुंबाची एक मोटार होती, तेथे आता दहा कुटुंबांच्या वीस मोटारी. आत न मावणाऱ्या रस्त्यावर.

या मोटारींसाठीच आता वेताळ टेकडीच्या उतारावरून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता हवा, असे म्हटले जाते. त्याविरुद्ध २०२३ साली नागरिक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. टेकडीवर मुरणारे पाणी हे शहराच्या भूजलाचे भांडवल आहे, आणि नवा रस्ता काही वर्षांत जुन्यासारखाच तुंबतो, हा अनुभव पुण्याला नवा नाही. परंतु टेकडीवर पहाटे फिरावयास जाणारे कित्येक सद्गृहस्थ पायथ्यापर्यंत मोटारीनेच येतात, त्याचे काय? वनाज ते गरवारे महाविद्यालय ही मेट्रो २०२२ पासून या वस्तीला लागूनच धावते. तीत यांपैकी किती जण बसतात?

रस्त्यावर मोटार ठेवण्यास शुल्क आकारण्याचे धोरण महापालिकेत २०१८ साली आले, तेव्हा विरोधाचा गदारोळ उठला. सार्वजनिक रस्ता हे फुकटचे अंगण आहे, अशी समजूत सुशिक्षितांतही किती खोल आहे हे तेव्हा दिसले. टेकडी वाचविण्यासाठी निवेदने देणाऱ्या गृहरचना संस्थांनी आता आणखी एक निवेदन द्यावे: आमच्या गल्ल्यांपासून हे शुल्क सुरू करा, आणि मिळेल तो पैसा पदपथांवर व बसगाड्यांवर खर्च करा. महापालिकेने त्याची वाट न पाहता प्रभात रस्त्यापासूनच आरंभ करावा.